टपाची गाडी कुलपात कशाला?

अमेरिकेत जन्म काढलेले माझे एक स्नेही सध्या एका जाहिरातीवर लट्टू झाले आहेत. १९६७ सालची पॉन्टियाक जीटीओ, तीही कन्व्हर्टिबल, म्हणजे टप मागे दुमडून उघडी करता येणारी. जाहिरातीत म्हटलं आहे : उत्तम जपलेली, फक्त ३८ हजार मैल चाललेली, इंजिन मूळचंच, कायम बंद गॅरेजात, पावसाचा थेंबही न लागलेली. स्नेह्यांचा बेत ठरला आहे. गाडी घ्यायची, तशीच झाकून ठेवायची आणि दहा वर्षांनी विकायची. "सोनं आहे हे," ते म्हणतात. "सोनं अंगावर घालून कुणी भाजी आणायला जातं का?"

हा बेत त्यांच्या एकट्याच्या डोक्यातून निघालेला नाही. दर जानेवारीत अ‍ॅरिझोनातल्या स्कॉट्सडेलला आणि फ्लोरिडातल्या किसिमीला जुन्या गाड्यांचे जे प्रचंड लिलाव भरतात, ते याच विचारावर चालतात. कमी चाललेली ती चांगली, झाकलेली ती जपलेली, कमी संख्येची ती मौल्यवान. हे इतक्या वेळा ऐकू येतं की त्याचा पुरावा मागायचं कुणाला सुचत नाही. मला तो मागायचा आहे. 'गाडी बिचारी धावण्यासाठी जन्माला आली' असला गहिवर मी घालणार नाही. लोखंडाला इच्छा नसतात. पण झाकून ठेवण्याचा हा बेत व्यवहाराच्या कसोटीवरच टिकत नाही, आणि टपाच्या गाडीच्या बाबतीत तर मुळीच नाही.

आधी ही गाडी आहे तरी काय? १९६३च्या जानेवारीत जनरल मोटर्सने आपल्या सगळ्या विभागांना शर्यतींतून अंग काढून घ्यायला सांगितलं. पॉन्टियाकची ऐट तर शर्यतींवरच उभी होती. तिथले मुख्य अभियंता जॉन डीलॉरियन आणि त्यांच्या माणसांनी मग वेगळी वाट काढली. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांहून मोठं इंजिन बसवायचं नाही, असा कंपनीचा दंडक होता. नवं मॉडेल काढायचं तर वरिष्ठांची मंजुरी लागणार आणि ती मिळणार नाही. पण जादा पैसे भरून घ्यायच्या ऐच्छिक सामानाला तशी मंजुरी लागत नव्हती. म्हणून लेमान्स या घरगुती वळणाच्या गाडीवर ३८९ घनइंचांचं मोठ्या गाडीचं इंजिन 'ऐच्छिक सामान' म्हणून चढवलं गेलं, आणि १९६४ची जीटीओ जन्मली. कोणत्याही सरकारी कचेरीतल्या मुरलेल्या हेडक्लार्कला दाद द्यावीशी वाटेल अशी ही पळवाट. पहिल्याच वर्षी ३२,४५० गाड्या खपल्या, १९६६ साली ९६,९४६. मग डेट्रॉइटमधल्या प्रत्येक कंपनीने तोच कित्ता गिरवला आणि मसल कार नावाचा प्रकार रूढ झाला.

म्हणजे ही राजेमहाराजांनी खास घडवून घेतलेली गाडी नव्हे. हप्त्यांवर गाडी घेणाऱ्या पोरांसाठी हजारोंनी काढलेला कारखान्यातला माल. १९६७च्या उघड्या जीटीओची मूळ किंमत ३,१६५ डॉलरच्या आसपास होती. महागाई धरली तर आजचे साधारण तीस हजार डॉलर. ४०० घनइंचांचं, ३३५ अश्वशक्तीचं इंजिन साध्या मॉडेलातच मिळे.

"पण कन्व्हर्टिबल किती कमी निघाल्या बघा," हे स्नेह्यांचं पुढचं वाक्य. खरं आहे. १९६७च्या ८१,७२२ जीटीओंपैकी उघड्या फक्त ९,५१७. पण का कमी, हे विचारा. कंपनीने हात आखडता घेतला म्हणून नव्हे. गिऱ्हाइकांनी मागितल्या नाहीत म्हणून. सिग्नलवर शेजारच्याला मागे टाकायची ज्याला खुमखुमी होती, तो हलकी, पक्क्या छपराची गाडी घेई. छप्पर काढलं की सांगाडा लुळा पडतो. तो ताठ राहावा म्हणून खालच्या चौकटीला जादा पत्रा जोडून ती पेटीसारखी बंद करावी लागते, त्यावर टपाची यंत्रणा, तिचा पंप, तिचे दट्टे. वजन वाढतं आणि तरीही खड्ड्यातून जाताना काच थरथरते. शेव्हरोलेने कॅमॅरोच्या उघड्या गाडीत ही थरथर शोषायला चार कोपऱ्यांत चार वजनं बसवली होती. मेकॅनिक मंडळी त्यांना थट्टेने कॉकटेल शेकर म्हणत. पैसे जास्त आणि वेग कमी, असा हा सौदा होता. वेगाच्या भुकेल्या गिऱ्हाइकाने तो नाकारला यात नवल नाही.

याचं टोक म्हणजे १९७१ची प्लिमथ हेमी कुडा कन्व्हर्टिबल. एकूण ११ बनल्या. (प्लिमथ म्हटल्यावर जुन्या मुंबईकराचे कान टवकारतील. वालचंद हिराचंदांच्या कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात डॉज, डिसोटो आणि प्लिमथ गाड्या जुळवल्या जात; पण त्या सभ्य, शेटजींच्या गाड्या. ही कुडा त्यांची वांड पुतणी.) ४२६ घनइंचांच्या हेमी इंजिनाचेच वर आठ-नऊशे डॉलर मोजावे लागत. विमा कंपन्यांनी तरुणांच्या ताकदवान गाड्यांवर जबर हप्ते लावले होते. १९७०चा हवाशुद्धीचा कायदा डोक्यावर होता. अकराच्या जागी अकराशे लोक पैसे घेऊन आले असते तर प्लिमथने अकराशे गाड्या आनंदाने बनवल्या असत्या. ते आले नाहीत. आज ज्याला दुर्मीळपण म्हणून ओवाळलं जातं, ते त्या काळच्या बाजारात न खपलेलं धाडस होतं.

आता या अकरांतली एक गाडी २०१४ साली सिअ‍ॅटलच्या लिलावात ३५ लाख डॉलरला गेली. हा आकडा सगळ्यांना पाठ असतो. पुढचा आकडा कुणी सांगत नाही. २०२१ साली इंडियानापोलिसला अशाच एका कुडावर ४८ लाखांपर्यंत बोली चढली, मालकाला ती पुरेशी वाटली नाही, गाडी न विकता परत गेली. मालक त्या भावात विकत नाही आणि त्याहून जास्त कुणी देत नाही, तेव्हा किंमत म्हणून काय लिहायचं? सोन्याच्या बाबतीत हा प्रश्न येत नाही. सराफाकडे गेलात तर त्या दिवशीचा भाव ठरलेला असतो आणि दुकान बंद व्हायच्या आत पैसे हातात पडतात. गाडीला मात्र त्या दिवशी, त्या मंडपात, दोन हट्टी आणि पैसेवाली माणसं एकमेकांसमोर बसलेली लागतात.

आणि 'पुढे भाव येईल' म्हणून टपाची गाडी झाकून ठेवण्याचा प्रयोग अमेरिकेत एकदा घाऊक प्रमाणावर झालेला आहे. १९७६ साली कॅडिलॅकने एल्डोराडो कन्व्हर्टिबल ही शेवटची अमेरिकन कन्व्हर्टिबल म्हणून गाजवली. ती काही मसल कार नव्हे, लांबलचक विलासी धूड होतं. पण गुंतवणुकीची तऱ्हा हीच. त्या वर्षी अशा १४,००० गाड्या बनल्या, शेवटच्या दोनशे पांढऱ्याशुभ्र. लोकांनी छापील किमतीच्या वर पैसे मोजून त्या घेतल्या आणि न चालवता गॅरेजात ठेवल्या. १९८२ साली क्रायस्लरने ली आयाकोका यांच्या कारकिर्दीत लेबॅरनचं उघडं रूप आणलं, फोर्डने मस्टँगचं आणलं, आणि १९८४च्या मॉडेलांत कॅडिलॅकनेच पुन्हा उघडी एल्डोराडो काढली. गुंतवणूकदार चिडून कोर्टात गेले. आपली फसवणूक झाली असं त्यांना वाटलं. मला मात्र त्यांची फारशी कीव येत नाही. हजारो जण एकच वस्तू 'दुर्मीळ होईल' म्हणून एकाच वेळी झाकून ठेवतात, तेव्हा ती दुर्मीळ होणार कशी? वर इतकी वर्षं टप उघडून फिरण्याचं सुखही त्यांनी घेतलं नाही.

मसल कारच्या बाजारानेही हा धडा दिलेला आहे. २००६-०७च्या सुमारास भाव गगनाला भिडले आणि मंदी येताच आपटले. पुढे काही सावरले, काही नाही. शिवाय या गाड्यांवर जीव टाकणारी पिढी ती, जिने शाळेच्या वाटेवर त्या पाहिल्या. ती आता सत्तरी ओलांडून गेली आहे. पॉन्टियाक २०१० साली बंद झाली, प्लिमथ आणि ओल्ड्समोबील त्याआधीच. आजच्या चाळिशीतल्या अमेरिकन माणसाच्या भिंतीवर लहानपणी जीटीओचं चित्र नव्हतं. तो नव्वदच्या दशकातल्या जपानी सुप्रा आणि स्कायलाइनवर पैसे लावतो आहे. दहा वर्षांनी आमच्या स्नेह्यांची गाडी कोण घेणार, हे त्यांनी मला सांगावं.

पण पैशाचं सोडा. समजा भाव वाढलाच. तरी झाकून ठेवलेली गाडी जपली जाते, हेच मुळात खोटं आहे, आणि हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोठा भ्रम आहे. पेटीच्या तळाशी ठेवून दिलेली पैठणी नेमकी घडीवर चिरते, म्हणून आपल्या आज्या ती अधूनमधून काढून घडी बदलून ठेवत. कन्व्हर्टिबलच्या टपाचं अगदी तेच होतं. व्हिनाइलचा टप वर्षानुवर्षं दुमडून ठेवला तर तो आकसतो, घडीवर कडक होतो आणि वर ओढायला गेलं की पुढच्या काचेच्या चौकटीपर्यंत पोचतच नाही. मागची खिडकी प्लॅस्टिकची असेल तर ती पिवळी पडून चिरते. टप उचलणारे तेलाचे दट्टे वापराविना कोरडे पडतात, त्यांची सीलं गळू लागतात, आणि ते तेल मागच्या सीटखाली झिरपतं.

हे झालं वरचं. खाली आणखी बरंच चाललेलं असतं. ब्रेकचं तेल हवेतली ओल शोषून घेतं. ती ओल चाकांतल्या सिलिंडरांना आतून गंजवते, आणि हा गंज बाहेरून दिसत नाही. पेट्रोल सडून त्याचा चिकट थर कार्ब्युरेटरच्या बारीक वाटांत बसतो. आज अमेरिकेतल्या पेट्रोलमध्ये सर्रास दहा टक्के इथेनॉल असतं आणि ते जुन्या रबरी नळ्या खातं. पॉन्टियाकच्या त्या इंजिनात क्रँकच्या मागच्या टोकाला दोरीचं सील असतं. गाडी उभी राहिली की ते सुकतं आणि पहिल्याच लांबच्या फेरीत तेल ठिबकू लागतं. टायरवर नक्षी नवी दिसते, पण रबराचं वय मैलांवर मोजत नाहीत, वर्षांवर मोजतात. आणि सीटच्या काथ्यात उंदीर बाळंत होतात, हे मी अतिशयोक्ती म्हणून लिहीत नाही.

राहिला गंज. पेटीसारखी बंद केलेली ती चौकट आठवते? तिच्यात गेलेला चिखल आणि पाणी बाहेर पडायला जागा कमी. सिमेंटच्या फरशीतून वर येणारी ओल, वर मेणकापडाचं आच्छादन, हवा खेळती नाही. वरून रंग आरशासारखा आणि आतून चौकट पोखरलेली, अशी गाडी शक्य आहे. महिन्यातून दोनदा वीस-पंचवीस मैल चालणाऱ्या गाडीचं इंजिन पुरतं तापतं, आतली वाफ उडते, सीलांना तेल मिळतं, आणि काही बिघडलंच तर ते त्याच आठवड्यात कळतं. उभ्या गाडीचे आजार साठत जातात आणि एकदम बाहेर येतात, बहुधा नव्या मालकाच्या दारात.

"पण फक्त ३८ हजार मैल!" हो का? त्या काळच्या जनरल मोटर्सच्या गाड्यांत मैल मोजणाऱ्या तबकडीला पाच आकडे असत, शिवाय एक दशांशाचा. ९९,९९९ झाले की ती पुन्हा शून्यावर येई. तेव्हा ३८ हजार हे १ लाख ३८ हजारही असू शकतात. तबकडी मागे फिरवणं हा अमेरिकेत देशपातळीवरचा गुन्हा ठरला तो १९७२च्या कायद्याने. तोवर ही गाडी पाच वर्षांची होऊन दोन-तीन हातांतून गेलेली असू शकते. पुरावा तबकडीत नसतो. ब्रेकच्या पायपट्टीचं घासलेलं रबर, ड्रायव्हरच्या बाजूच्या दाराच्या बिजागऱ्या, जुन्या सर्व्हिसच्या पावत्या, यांत तो असतो. पावत्या नसतील तर तो आकडा ही फक्त विक्रेत्याची इच्छा समजावी.

'इंजिन मूळचंच' हा दुसरा मंत्र. जीटीओच्या बाबतीत थोडा दिलासा आहे. १९६७च्या उघड्या जीटीओचा गाडीक्रमांक २४२६७ने सुरू होतो, आणि पॉन्टियाकच्या कारखान्याच्या नोंदी आजही मागवता येतात. त्यामुळे साधी गाडी जीटीओ म्हणून खपवणं अवघड. पण १९६४-६५ची असेल तर जीटीओ हे ऐच्छिक सामानच होतं, क्रमांकात त्याचा पत्ता नाही. शेव्हरोलेची शेव्हेल घ्या. १९६९पासून तिचं एसएस हे रूपही ऐच्छिक सामान झालं. म्हणून १९७०च्या शेव्हेलच्या साध्या, मालिबू रूपातल्या कन्व्हर्टिबलला एसएसची चिन्हं चिकटवली आणि मोठं इंजिन घातलं, तर क्रमांक वाचून काहीच कळत नाही. मग पेट्रोलच्या टाकीवर कारखान्याने चिकटवलेला कागदाचा तुकडा शोधत बसायचं. इंजिनाच्या ठोकळ्यावरचे आकडे घासून नवे ठोकणारेही आहेत. १९६९च्या कॅमॅरोचा तर अख्खा पत्र्याचा सांगाडा आज नवा कोरा तयार मिळतो. जिथे किमतीचा मोठा भाग आकड्यांना आणि कागदाला मिळतो, तिथे आकडे आणि कागद बनवणारे निर्माण होणारच. पण चालवायला म्हणून गाडी घेणाऱ्याला फसवणं तितकं सोपं नाही. तो चाकामागे बसतो, गिअर टाकतो, वळण घेतो, आणि गाडी स्वतःच बोलते.

विरोधी बाजूचं एक म्हणणं मात्र मला मान्य आहे. काही गाड्या खरंच दस्तऐवज असतात. कारखान्यात लागलेला रंग, मूळचा टप, मूळची शिवण, पहिल्या मालकापासूनचे कागद, असं सगळं शाबूत असलेली गाडी रोजच्या वापरात काढू नये. रंग एकदाच मूळचा असतो. पुढे कुणाला नीट दुरुस्ती करायची असेल तर असा नमुना हवाच. अशी गाडी संग्रहालयात जावी, जिथे अभ्यासक तिच्या खाली आडवं पडून बोल्टवरच्या खुणा वाचू शकेल, जिथे तापमान आणि ओल सांभाळायला पगारी माणूस असेल. उपनगरातल्या दोन गाड्यांच्या गॅरेजात, गवत कापायच्या यंत्राशेजारी, आच्छादनाखाली ती ठेवणं म्हणजे जतन नव्हे. तिथे ती ना कुणाला दिसते, ना तिची काळजी घेतली जाते. आणि जाहिरातीतली गाडी 'नव्याने रंगवलेली' असेल, बहुतेक असतेच, तर दस्तऐवजाचा मुद्दा तिथेच संपला.

अपघाताची भीती घालतात. रास्त आहे, हवेच्या पिशव्या नाहीत, पट्टा कमरेपुरता, बहुतेक गाड्यांना चारी चाकांना ड्रमचे ब्रेक. पण १९६७पासून या गाड्यांत दुहेरी ब्रेकयंत्रणा आणि धडकेत दबणारा स्टिअरिंगचा दांडा आला होता, आणि पन्नास मैलांच्या वेगाने गावाबाहेरच्या रस्त्यावर फिरायला कुणी मनाई केलेली नाही. आर्थिक नुकसानीची चिंता असेल तर जुन्या गाड्यांसाठी ठरीव रकमेचा विमा मिळतो. मालक आणि कंपनी आधी किंमत मान्य करतात, गाडी गेली तर तेवढे पैसे मिळतात. रविवारच्या फेऱ्या आणि मेळावे गृहीत धरूनच तो धंदा चालतो. प्रदूषणाचं म्हणाल तर वर्षाला हजारभर मैल चालणाऱ्या मूठभर गाड्यांवर घसा कोरडा करण्यात मला रस नाही.

आणि या गाड्यांवर खरं प्रेम करणारी अमेरिका कशी वागते? डेट्रॉइटहून पॉन्टियाक गावाकडे जाणारा वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यू हा रस्ता. साठच्या दशकात पोरं रात्री इथेच एकमेकांना आव्हान देत. कंपन्यांची माणसंही नवी इंजिनं घेऊन गुपचूप येत. १९९५पासून तिथे ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी जुन्या गाड्यांची मिरवणूक निघते. ऑगस्टच्या उकाड्यात तासन् तास रांगेत, पहिल्या गिअरात, रेडिएटर उकळत, मागे नातवंडं टपावर बसलेली. त्यांतल्या पुष्कळ गाड्यांच्या रंगाला टवके गेलेले असतात. त्यांची किंमत कमी झाली असेल. त्या बंद पडलेल्या मात्र नसतात, आणि पडल्या तर शेजारचा माणूस उतरून बॉनेट उघडतो, कारण त्याला त्या इंजिनाची नस न नस ठाऊक असते. ही माहिती लिलावाच्या पुस्तिकेत सापडत नाही. ज्यांनी गाडी झाकून ठेवली, त्यांना ती कधीच मिळणार नाही, आणि दहा वर्षांनी विकताना स्वतःच्या मालाबद्दल ते गिऱ्हाइकाला काय सांगणार?

तेव्हा स्नेह्यांनी गाडी बघायला जरूर जावं. विक्रेत्याला आधी फोन करून सांगावं की इंजिन थंडच असू द्या, आम्ही आल्यावर चालू करा. टप दोनदा उघडून दोनदा मिटून दाखवायला सांगावं आणि तो पुढच्या चौकटीवर न ओढता बसतो का ते बघावं. गालिचा उचलून पाय ठेवायच्या जागेचा पत्रा बघावा, गाडी उचलून मागच्या चाकांजवळची चौकट लाकडी दांड्याने ठोकून बघावी. मग टप खाली करून किमान अर्धा तास स्वतः चालवावी. विक्रेता म्हणाला की छे, छे, ही गाडी आम्ही कधी बाहेरच काढत नाही, तर त्याचा आदर राखून हिशेब मांडावा : ब्रेकची पूर्ण यंत्रणा, पेट्रोलच्या टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतची सफाई, सगळी सीलं, पाच टायर, नवा टप आणि त्याचे दट्टे. एवढी रक्कम त्याने सांगितलेल्या किमतीतून वजा करून मगच पहिली बोली लावावी.